‘एसटीवाले उभे राहा’ हे आता बंद करा : नागपूरच्या शाळा, कॉलेज, क्लासेस आणि हॉस्टेलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातल्या सगळ्या हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजचे प्राचार्य, क्लासेसचे संचालक, सरकारी-खाजगी हॉस्टेलचे गृहपाल, शिक्षण विभागातले आणि आदिवासी विकास विभागातले साहेब आणि मॅडम,

सगळ्यांना नमस्कार, जय सेवा, जय भीम, आदाब.

मी नागपुरात एक छोटीशी अभ्यासिका चालवते. चाळीस खुर्च्या, दोन कूलर, एक पाण्याचा कॅन, सकाळी सहाला कुलूप उघडते आणि रात्री अकराला लावते, अकरा वर्षं झाली याला. अकरावी-बारावीचे पोट्टे, नीटवाले, पोलीस भरतीवाले सगळे येतात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट कुठून कुठून, आणि शहरातलेही येतात, इंदोऱ्यातले, मोमीनपुऱ्यातले, कारण घरी दोन खोल्यांत सात माणसं असली की अभ्यासाला जागा कुठून येणार. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. पण कोणतं पोरगं दोन तास एकाच पानावर बसून आहे हे मला काउंटरवरून दिसतं, आणि जे मला दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीये असं वाटलं म्हणून आदिवासी आणि बाकी वंचित समाजातल्या पोरांच्या मनाच्या आरोग्याबद्दल लिहायला बसले (शीर्षकातली एसटी म्हणजे बस नाही, अनुसूचित जमात). लांब होईल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

मागच्या वर्षी एक मुलगा आला, अकरावी सायन्स, गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा. गावाचं नाव लिहीत नाही, आणि जे लिहितेय ते त्याला विचारून लिहितेय. सुरुवातीला एकदम छान होता, सगळ्यांच्या आधी यायचा, न सांगता कॅन उचलून ठेवायचा. दिवाळीनंतर बदलला. येऊन कोपऱ्यातली खुर्ची धरायची, मोठे हेडफोन कानाला लावायचे आणि बसायचं. मला वाटलं लेक्चर ऐकतोय. एक दिवस झाडू मारताना बघितलं तर त्या हेडफोनची वायर नुसती लोंबकळत होती, मोबाईलला नाही, कशालाच जोडलेली नव्हती. म्हटलं, काय रे हे? तर म्हणे, ‘कान झाकले की कोनी बोलत नाही ना जी.’

मग हळूहळू, चार-पाच दिवसांत, एकेक गोष्ट बाहेर आली. कॉलेजात पालकसभा होती, त्याची आई एवढ्या लांबून बस बदलत बदलत आली पण पोचेपर्यंत सभा संपली होती. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, तुझ्या घरून कोणी का नाही आलं, आणि हा उभा राहून म्हणाला, ‘आई आलं होतं सर.’ वर्ग फुटला हसून. सरही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ‘आलं होतं’. ए आलं होतं, इकडे ये. आलं होतं, डबा आणला का. त्यानंतर तो वर्गात एक शब्द बोलला नाही, प्रॅक्टिकलला पार्टनर मिळाला नाही, तोंडी परीक्षेत येत असून गप्प उभा राहिला आणि शेरा काय मिळाला तर ‘विद्यार्थी निरुत्साही आहे’.

आता यात त्याची चूक काय ते सांगते. त्याची घरची भाषा गोंडी. ती द्राविडी कुळातली, तेलुगूच्या घरातली म्हणा, मराठीशी तिचं नातं नाही. तिच्या व्याकरणात पुरुष एका बाजूला आणि बाई, गाय, झाड, दगड हे सगळं दुसऱ्या बाजूला असं असतं, आपल्यासारखं तो-ती-ते असं तीन नसतं. म्हणून गोंडी बोलणारं लेकरू मराठीत येतं तेव्हा पहिली काही वर्षं त्याची ‘ती’ आणि ‘ते’ मध्ये गडबड होतेच. म्हणजे तो पोरगा एका भाषेचं व्याकरण डोक्यात ठेवून दुसऱ्या भाषेत फिजिक्स शिकत होता आणि पुस्तक तिसऱ्या भाषेत, इंग्रजीत होतं. वर्गातल्या किती जणांना हे जमलं असतं? २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा आहे असं सांगणारे देशात २९ लाखांच्या वर लोक आहेत. एवढ्या लोकांच्या भाषेबद्दल नागपूरच्या शिक्षकाला एवढी एक साधी गोष्ट माहीत नसावी याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट, जी शीर्षकात लिहिली आहे. तुमच्याकडे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायची वेळ आली की बाबू वर्गाच्या दारात येतो, आत यायचीही तसदी घेत नाही, आणि ओरडतो, ‘एसटीवाले कोण कोण आहे, उभे राहा.’ मग ‘एससीवाले’. नव्वद पोरं बसलेली आणि पाच-सहा उभी. बाबू मोजतो, नावं लिहितो, कोणाचा दाखला बाकी आहे ते सगळ्यांसमोर विचारतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘फुकटवाले’ म्हणतं. माझ्याकडच्या एका मुलीनं मला सांगितलं की त्या दिवशी ती उभीच राहिली नाही. फॉर्म राहिला, वर्षाची स्कॉलरशिप गेली, घरी सांगितलं की यंदा पैसे आलेच नाहीत. त्या बाबूच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही, त्याला यादी हवी असते. पण यादी तर ॲडमिशनच्या वेळीच ऑफिसात जमा झालेली असते, कॉम्प्युटरमध्ये असते, मग वर्गात उभं काहून करता?

यानं काय होतं हे मोजूनसुद्धा झालेलं आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, २००४ मध्ये तो जागतिक बँकेनं छापला. ३२१ मुलं उच्च म्हणवणाऱ्या जातींची, ३२१ खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची. कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायची आणि सुटलेल्या कोड्यामागे पैसे मिळायचे. जात कोणाला सांगितली नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटात कोडी द्यायच्या आधी फक्त एवढं केलं की प्रत्येकाचं नाव, वडलांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. झालं. खालच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी लगेच घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच, पैसेही तेवढेच, मध्ये फक्त जातीचा उच्चार आला. आणि आपण हे दरवर्षी, परीक्षेच्या मोसमात, भर वर्गात करतो.

आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट ऐका. हाच एटापल्लीचा मुलगा वर्गात आपण गोंड आहोत हे लपवतो, आडनाव विचारलं तर पुटपुटतो, घरून फोन आला तर बाहेर गॅलरीत जाऊन हळू आवाजात गोंडीत बोलतो. आणि याच वर्षी त्याला जात पडताळणीच्या कमिटीपुढे सिद्ध करायचं आहे की तो गोंड आहे. आजोबा-पणजोबांचा १९५० च्या आधीचा कागद आण, शाळा सोडल्याचा दाखला आण, तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, सांग. सतरा वर्षांचं पोरगं. एका ऑफिसात सांगतात पुरेसा आदिवासी नाहीस, दुसऱ्या खोलीत सांगतात जरा जास्तच आदिवासी आहेस. नागपुरात तर आपण हलबा आदिवासी आहोत असं सांगणाऱ्या घरांतली पोरंही याच चक्कीत पिसली जातात, आईबाप कोर्टाच्या तारखा मोजतात आणि पोरगी बारावीच्या पेपरला बसलेली असते. गोवारी समाजाच्या मुलांचं काय वेगळं आहे? २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की ते आदिवासी आहेत, घरांत पेढे वाटले, २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. कायद्यात कोण बरोबर कोण चूक यावर मी बोलत नाही, ती माझी जागा नाही. पण ‘मी कोण’ हा प्रश्न या वयात प्रत्येकच मुलाला पडतो, आणि यांचं उत्तर मात्र एखाद्या ऑफिसच्या फाईलमध्ये अडकलेलं असतं, हे टेन्शन बाकीच्या मुलांना नाही. एवढं तरी मान्य करा.

कारण मी जेव्हा जेव्हा हे बोलते तेव्हा एकच उत्तर येतं, ‘मॅडम, टेन्शन सगळ्यांनाच असते, आम्ही भेदभाव करत नाही, आमच्यासाठी सगळी मुलं सारखी.’ हे वाक्य मला एका कॉलेजात, एका हॉस्टेलात आणि एका क्लासमध्ये अगदी जशास तसं ऐकायला मिळालं. सगळी मुलं सारखी आहेत हे बरोबर आहे. पण सगळ्यांना सारखं वागवलं जात नाही, म्हणून सगळ्यांचं दुखणं सारखं नसतं. आणि ‘सगळी सारखी’ म्हटलं की मग वेगळं मोजायचीच गरज उरत नाही.

मोजणीचंच बघा. मानसिक आरोग्याचं सगळ्यात मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलं, बारा राज्यांत. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला, आणि मोठ्या शहरांत हे प्रमाण खेड्यांच्या जवळपास दुप्पट, १३.५ टक्के. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मग एनसीआरबीचा, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, आत्महत्यांचा अहवाल, २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी गेले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर. त्या अहवालात वय आहे, शिक्षण आहे, धंदा आहे, उत्पन्न आहे, लग्न झालं की नाही तेही आहे, जात-जमातीचा तक्ता नाही. फॉर्म भरताना चार ठिकाणी जात लिहून घेणारी आपली व्यवस्था, लेकरू गेल्यावर मात्र ती लिहीत नाही.

असं नाही की सरकारला कोणी सांगितलं नाही. डॉ. अभय बंगांच्या अध्यक्षतेखाली केंद्राची आदिवासी आरोग्याची तज्ज्ञ समिती होती, २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात आदिवासींच्या आरोग्याचे दहा खास प्रश्न निवडून काढले, मलेरिया, कुपोषण, सिकलसेल हा रक्ताचा आजार वगैरे, आणि त्या दहांमध्ये व्यसन आणि मानसिक आरोग्य आहे, आणि आश्रमशाळेतल्या मुलांचं आरोग्य हाही वेगळा प्रश्न म्हणून आहे. आपल्या गडचिरोलीत राहून काम करणाऱ्या माणसानं लिहिलेलं आहे हे. नागपूर तिथून काही फार लांब नाही.

आता कोणी याचा उलटा अर्थ काढू नये म्हणून हे लिहितेय, की मी असं म्हणत नाहीये की आदिवासी पोरं मनानं कमजोर असतात. अजिबात नाही. उलट आहे. लंडनमध्ये २००२-०३ पासून एक मोठा अभ्यास झाला, ५१ शाळा, सहा हजारांच्या वर मुलं, अकरा ते तेरा वयाची, आफ्रिकन, कॅरिबियन, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि गोरी. मन कसं आहे हे तपासायला सगळ्यांना एकच पंचवीस प्रश्नांचं प्रश्नपत्र. संशोधकांना काय दिसलं, तर अल्पसंख्य घरांतली मुलं जास्त गरीब होती, वंशभेदाची बोलणी जास्त खात होती, तरी मनानं गोऱ्या मुलांइतकी किंवा त्यांच्यापेक्षा बरी होती. मात्र ज्या मुलाला वंशावरून बोलणी खावी लागली, मग ते कोणत्याही समाजाचं असो, त्याचं मन जास्त बिघडलेलं. आणि सावरून कशानं धरलं, तर आईबाप लक्ष देतात का, घरची माणसं एकत्र काही करतात का, यानं. म्हणजे दुखणं समाजातून येत नाही. दुखणं अपमानातून येतं, आणि समाज, घर, आपली माणसं हे तर औषध आहे. आणि आपण काय करतो, मुलाला बाराव्या वर्षी घरापासून दोनशे-अडीचशे किलोमीटर लांब आणतो, त्याची भाषा बंद करतो, म्हणजे औषध काढून घेतो आणि अपमान मात्र चालू ठेवतो.

कॅनडातली गोष्ट तर मला कधीच विसरता येणार नाही. तिथे ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूळनिवासी लोकांचे जवळपास दोनशे छोटे छोटे समाज आहेत. सगळे म्हणायचे यांच्या तरुणांत आत्महत्या फार. मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी १९९८ मध्ये सरासरी न काढता एकेका समाजाचा हिशेब मांडला, तर निम्म्याहून जास्त समाजांत त्या पाच-सहा वर्षांत एकही तरुण गेला नव्हता, आणि काही थोड्या समाजांत खूप. फरक कशानं, तर जिथे जमिनीचा हक्क लोक लढवत होते, शाळा, दवाखाना, पोलीस यांचा कारभार समाजाच्या हातात होता, आपल्या संस्कृतीची एखादी वास्तू होती, तिथे आत्महत्या कमी, आणि यातल्या सगळ्या गोष्टी होत्या तिथे शून्य. पुढे २००७ मध्ये भाषेचंही तसंच दिसलं, जिथे निम्म्याहून जास्त लोक आपली भाषा बोलत होते तिथे हे प्रमाण फारच कमी. मी हे वाचलं तेव्हा मला लगेच आपल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवलं, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव, आणि त्याच तालुक्यातलं मोहगाव, जिथे ग्रामसभेनं स्वतः गोंडी भाषेची शाळा सुरू केली. त्या शाळेला परवानगी आहे की नाही यावर कागद नाचवले गेले. तुम्ही साहेब लोक त्या शाळेकडे बेकायदा वर्ग म्हणून बघता, मला ते मुलांच्या मनाचं आरोग्य केंद्र दिसतं.

त्या मुलाकडे परत येते. त्याला मी डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं कारण तो सारखा म्हणायचा पोट दुखते. दोनदा गोळ्या आणल्या, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. हे पण समजून घ्या, आमच्याकडची मुलं ‘मला डिप्रेशन आलंय’ असं म्हणत नाहीत. शहरातल्या मोठ्या शाळेतली मुलगी इन्स्टावर बघून ‘एन्झायटी’ म्हणते आणि तिला कौन्सेलर मिळतो. एटापल्लीचा मुलगा पोट दुखते म्हणतो आणि त्याला ॲसिडिटीची गोळी मिळते. मेळघाटातल्या धारणीची कोरकू आदिवासी मुलगी म्हणते डोकं जड आहे, झोप येते, आणि वॉर्डन मॅडम म्हणतात आळशी आहे. (आणि कधी कधी खरंच शरीराचं असतं, विदर्भात सिकलसेल किती आहे तुम्हाला माहीत आहे, हातपाय ठणकणारं पोरगं अंथरुणातून उठत नाही तेव्हा आधी रक्त तपासा, मग आळशी म्हणा.) म्हणून ते पंचवीस प्रश्नांचे फॉर्म मराठीत छापून वाटून काम होणार नाही. एका हॉस्टेलात असे फॉर्म भरून घेतले तेव्हा माझ्याकडच्या तिघांनी सगळीकडे ‘खरं नाही’ वर टिक केली. का रे, विचारलं, तर म्हणे गृहपाल सर समोरच बसले होते, आणि खरं लिहिलं तर घरी पाठवतात.

आणि मानसोपचार म्हटलं की नागपुरात एकच शब्द, पागलखाना. आपल्या शहरात त्या नावाचा चौक आहे, ऑटोवाला तसंच ओरडतो. त्या मुलाला मी म्हटलं चल आपण डॉक्टरांशी बोलून येऊ, तर पहिला प्रश्न, ‘पागलखान्यात काय जी?’ मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं, नंबर लावून तीन तास बसलो, डॉक्टर चांगले होते, सतरा वर्षांच्या पोराला बसा म्हणाले, बस नाही म्हणाले. घरची भाषा कोणती हे त्यांनी विचारलं. एवढं विचारल्यावर तो बोलायला लागला. मी बाहेर होते, काचेतून फक्त त्याचे हात हलताना दिसत होते. कितीतरी महिन्यांनी त्याला हात हलवून बोलताना बघितलं.

माझीही एक चूक सांगते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. सुरुवातीच्या दिवसांत रात्री लाईट गेली तेव्हा तो दचकला, मी सहज, प्रेमानं म्हटलं, ‘अरे तू तर जंगलातला वाघ, तुला काय भीती?’ मला वाटलं मी कौतुक केलं. पुढे खूप दिवसांनी तो म्हणाला, ‘तुम्ही पण तेच म्हणलं होतं जी, जंगलातला.’ मी माफी मागितली त्याची. गडचिरोलीचं म्हटलं की पोरं ‘नक्सली’ म्हणतात, मेळघाटचं म्हटलं की कुपोषण, आणि मी जंगल म्हटलं. त्याच्या गावात संध्याकाळी सगळी मुलं गोटुलात जमतात, मोठी माणसं गोष्टी सांगतात, भांडण झालं तर तिथेच मिटवतात, हे त्यानं सांगेपर्यंत मी कधी विचारलंच नव्हतं. आपण हॉस्टेल बांधतो, त्यात पलंग असतात, लॉकर असतात, मेसच्या जागी आता अनेक ठिकाणी खात्यात पैसे असतात, एकत्र जेवायची एवढी एक वेळ होती तीही गेली. पोरगं एकटं टपरीवर समोसा खाऊन झोपतं. गोटुल कुठेच नसतो.

फक्त आदिवासी मुलांचंच आहे असंही नाही. मोमीनपुऱ्यातली एक मुलगी माझ्याकडे दोन वर्षं होती, फार हुशार, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठे काही घडलं की बातम्या यायच्या आणि खाली सगळे तिला टॅग करायचे, ‘तुमचे लोक’. तिनं ग्रुप सोडला, म्हणजे नोट्स पण सुटल्या. छत्तीसगडी मजुरांची मुलं आहेत, त्यांना ‘बिलासपुरी’ म्हणतात. भाड्यानं खोली बघायला गेलं की आधी आडनाव, मग नॉनव्हेज खाता का, मग ‘कळवतो’. इंदोऱ्याच्या दलित वस्तीतला मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला तरी त्याला कोटा विचारतात. प्रत्येकाचं वेगळं आहे, एकाच औषधानं सगळ्यांचं होणार नाही, पण विचारायला तर सुरुवात करा.

कायदा तुमच्या विरोधात नाही, तुमच्या बाजूनं उभा आहे, फक्त वापरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की जात, धर्म, संस्कृती, वर्ग यावरून भेदभाव न होता प्रत्येकाला मानसिक उपचार मिळायचा हक्क आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित कौन्सेलर हवा, स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग हवं, वंचित समाजातल्या मुलांशी भेदभाव न करता कसं वागायचं हे त्या स्टाफला शिकवायला हवं, मार्कांवरून बॅचेस पाडू नका, सगळ्यांसमोर अपमान करू नका, क्लासवाल्यांनाही हे लागू आहे. तुमच्यातल्या किती जणांनी हे नोटीस बोर्डावर लावलं? मी नागपुरात फिरून बघितलं, जिथे जिथे मला आत जाऊ दिलं तिथे कौन्सेलर म्हणून पीटीच्या सरांचं नाव लिहिलेलं दिसलं, ते बिचारे स्वतःच म्हणाले मला काय माहीत यातलं.

माझं मागणं फार मोठं नाही आणि बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. वर्गात जात विचारून उभं करणं उद्यापासून बंद करा, यादी ऑफिसात आहे, मुलाला एकेकटं बोलवा. शिक्षक भाषेवरून हसणार नाहीत, आणि कोणी हसलं तर ते थांबवतील, ही लेखी सूचना काढा. कौन्सेलर नेमताना गोंडी, माडिया, कोरकू बोलणारा एक तरी माणूस शोधा, याच शहरात सोशल वर्क शिकलेली आदिवासी मुलं-मुली नोकरी शोधत फिरताहेत, माझ्याकडेच दोघी बसतात. आदिवासी विकास विभागाला विनंती, हॉस्टेलमध्ये आठवड्यातून एक वेळ तरी सगळ्यांनी एकत्र जेवायची सोय परत करा, आणि मुलांनी मानसिक त्रासाबद्दल सांगितलं म्हणून कोणालाही घरी पाठवलं जाणार नाही हे लिहून भिंतीवर लावा. पडताळणीचं काम बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर नका आणू, आठवी-नववीतच सुरू करून द्या, शाळेनंच शिबीर घ्यावं. आणि जी माहिती गोळा कराल, किती मुलं कौन्सेलरकडे आली, किती मध्येच शाळा सोडून गेली, ती समाजनिहाय ठेवा, नावं झाकून ठेवा, पण ठेवा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक वर्गात, प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यात लावा, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत-हिंदीत बोलता येतं. हे पत्र वाचणाऱ्या मुलांनाही सांगते, फार जड झालं तर आत्ताच लावा तो नंबर, नाहीतर माझ्यासारखं कोणी जवळ असेल त्याला जाऊन सांगा, पोट दुखते म्हणालात तरी चालेल.

आणि इतिहास. हा माझा हट्ट समजा. ज्या शहरात ही मुलं परकी वाटून घेतात ते शहर देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमाराला वसवलं, बारा वाड्या-वस्त्या जोडून. तुमच्या किती शाळांत सहलीला महालातला गोंड राजाचा किल्ला दाखवतात? २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात मोर्चात चेंगरून ११४ गोवारी गेले, बायका, लेकरं, त्यांच्या स्मारकाजवळून आपण रोज गाडी नेतो, सिग्नल लागला की मोबाईल बघतो. मी त्या मुलाला एका रविवारी दोन्ही ठिकाणी घेऊन गेले. किल्ल्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला, फोटो काढला, आईला पाठवला, मग फोन लावला आणि रस्त्यात, भर गर्दीत, मोठ्या आवाजात गोंडीत बोलला. मला एक शब्द कळला नाही. बोलून झाल्यावर म्हटलं काय म्हणाली आई, तर म्हणे, ‘ती म्हणे राजाच्या गावात राहतो तर नीट जेवत जा.’ ‘ती’ म्हणाला, बरोबर. मला आता त्याचंही काही वाटत नाही, ‘आलं’ म्हणाला असता तरी चाललं असतं.

तो आता बारावीत आहे. हेडफोन अजून आणतो पण वायर मोबाईलला असते. औषध चालू आहे, महिन्यातून एकदा ओपीडीत जातो, आता एकटाच जातो. कॉलेजात मात्र अजून गप्पच असतो, आणि ते मी बदलू शकत नाही, ते तुमच्याच हातात आहे.

दर रविवारी दुपारी दोन ते चार अभ्यासिका साफसफाईला बंद असते. त्या वेळेत आता सहा-सात पोरंपोरी खुर्च्या गोल करून बसतात, गोंडीत, माडियात, झाडीबोलीत, मोठ्यानं बोलतात, कोणी घरून मोहाचे लाडू आणलेले असतात. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी या, बसा, ऐका, चहा मी करीन. फक्त येताना रजिस्टर आणू नका.

आपली,
अभ्यासिकेतली ताई
नागपूर